नवं मूल बालगृहात येतं तेव्हा: काळजीवाहकाचा पहिला आठवडा

संध्याकाळी सहा-साडेसहाला फाटकाशी जीप थांबते. एक पोलीस, बाल संरक्षण कक्षाच्या एक मॅडम आणि त्यांच्या मागं कॅरीबॅग छातीशी धरून उभी असलेली आठ-नऊ वर्षांची पोर. नवी काळजीवाहक मायेनं पुढं होते आणि विचारते, "काय झालं गं बाळा? घरातनं का निघालीस?"

चूक इथंच होते. ही पोर तीच हकीकत आधी पोलिसांना, मग मॅडमना, कधी बाल कल्याण समितीपुढंही (मूल कुठं ठेवायचं हे ठरवणारी समिती ती हीच) सांगून आलेली असते. चौथ्यांदा विचारलं की एकतर ती गप्प होते, नाहीतर समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखून तेवढंच सांगायला लागते. पुढं चौकशीत दोन हकीकती जुळत नाहीत आणि शिक्का बसतो, "मुलगी खोटं बोलते."

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या बालगृहांत आणि सरकारी बालमंदिरांत (इकडं सरकारी बालगृहाला हेच नाव) नव्यानं कामाला लागलेल्या मराठी माणसांसाठी हे लिहितेय. कारवार-हल्याळकडं किंवा भालकीकडं असाल तरी कायदा तोच. क्रम असा ठेवा: कागद, सामान, पोट, अंग, झोप. हकीकत सगळ्यात शेवटी, आणि तीही मुलानं स्वतःहून काढली तर.

## १. मूल यायच्या आधी

नोकरी धरण्यापूर्वी संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी नसलेल्या घरात मुलं ठेवणं गुन्हा आहे. तुमची पोलीस पडताळणी कुणी मागितली नाही तर खूश होऊ नका. जी संस्था तुमची चौकशी करत नाही, ती दुसऱ्या कुणाचीही करत नसणार.

बालगृह ६ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी असतं. सहाच्या आतलं मूल विशेष दत्तक संस्थेकडं जातं. मुलगे आणि मुली एका घरात ठेवत नाहीत.

एक पेटी कायम भरलेली ठेवा: दोन मापांचे कपड्यांचे जोड, चड्ड्या, टॉवेल, साबण, दातांचा ब्रश, उवांची फणी, सॅनिटरी पॅड, मेणकापड, ओआरएसच्या पुड्या, कोरी वही आणि पेन. मूल दारात उभं असताना स्टोअरची किल्ली कुणाकडं आहे याची शोधाशोध झाली, तर त्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळतं की आपली इथं कुणी वाट बघत नव्हतं.

आता कन्नड. सरकारी रजिस्टरं कन्नडमध्ये असतात, ती वाचण्यापुरती लिपी शिकावीच लागते. बोलायला मात्र दहा-बारा वाक्यांत भागतं, फक्त ती पुस्तकातली नकोत, इकडची हवीत. "ऊटा आतेन?" म्हणजे जेवलास का. "नीर बेकेन?" म्हणजे पाणी हवंय का. "अंजब्याड" म्हणजे भिऊ नको. आणि मूल "होट्टी ब्यानी" म्हणालं तर त्याचं पोट दुखतंय. ब्यानी हा शब्द माहीत नसलेल्या एका नव्या बाईंनी असं विव्हळणारं पोर रात्रभर थोपटून झोपवायचा प्रयत्न केला होता. सकाळी दवाखान्यात न्यावं लागलं.

तपासा: पेटी भरलेली आहे का, जिना आणि संडासातले दिवे लागतात का, अधीक्षकांचा रात्रीचा फोन नंबर भिंतीवर लिहिलाय का.

## २. दारात: आधी कागद

आणणाऱ्या माणसाला बसवा, मुलाला पाणी द्या आणि कागद मागा. बाल कल्याण समितीचा आदेश हातात घेऊन नाव, वय, तारीख, पत्ता वाचा. मुलानं सांगितलेलं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही लिहा, एकही खोडू नका. वयाचा दाखला नसेल तर "अंदाजे" हा शब्द लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

रात्री समिती बसलेली नसते. अशा वेळी आदेशाशिवाय मूल आलं तर परत पाठवायचं नाही. अधीक्षकांना लगेच कळवायचं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मूल समितीपुढं गेलं पाहिजे, आणि समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढंही नेता येतं. हे धावपळीचं काम अधीक्षकांचं. पण मूल किती वाजता आलं ही वेळ तुम्ही लिहिलेली असते, आणि २४ तास तिथून मोजले जातात.

पोचपावतीवर सही करण्याआधी उजेडात मुलाचा चेहरा, हात, पाय बघा. ओरखडा, सूज, डाग, जे दिसेल ते आणणाऱ्या माणसादेखत लिहा आणि त्याची सही घ्या. हे राहून गेलं, तर डाव्या डोळ्याखालची सूज तुमच्या घरात आली की बाहेरून आली हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही.

सावध: पोलीस किंवा मॅडम मुलासमोरच त्याच्या आई-बापाची कर्मकथा सुरू करतात. "आपण आत बोलूया" म्हणून त्यांना उठवा. मूल ऐकत असतं.

## ३. सामान

हा टप्पा सगळेजण उरकतात. मीही एकदा उरकला होता.

सौंदत्तीकडची एक मुलगी आली होती. अंगावरचे कपडे आणि मळक्या फडक्याची एक गाठ, एवढंच सामान. कपडे काढून दिले तशी ती गाठही मी बादलीत टाकली. पाणी पिवळंधमक झालं. गाठीत यल्लम्माचा भंडारा होता, आजीनं निघताना बांधून दिलेला. मुलगी रडली नाही. बादलीजवळ उकिडवी बसून पिवळ्या पाण्याकडं बघत राहिली. पुढचे वीस-बावीस दिवस तिनं माझ्या हातचं काही घेतलं नाही, वेणीसुद्धा दुसऱ्या मावशीकडून घालून घ्यायची.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरायची आणि मुलालाच पिशवी रिकामी करायला सांगायचं. एकेक वस्तू मोठ्यानं म्हणत लिहायची: "एक निळा शर्ट, खिसा फाटलेला. एक काचेची गोटी. पंधरा रुपये." धुवायचं का, हे विचारायचं. पैसे आणि दागिना अधीक्षकांकडं पावती घेऊन ठेवायचा, बाकीचं मुलाच्या ट्रंकेत. ताईत, गंडा, क्रॉस, काळा दोरा काढायचा नाही. गळ्यात आवळत असेल तर सैल करून द्यायचा.

झडती घ्यावी लागली तर मुलीची बाईनं, मुलाची पुरुषानं, आणि इतर मुलं बघत नसताना.

तपासा: यादीवर तुमची, आणणाऱ्याची आणि सही येत असेल तर मुलाची सही.

## ४. पोट, मग अंघोळ

सगळीकडं उलटं चालतं. आधी अंघोळ, "किती घाण आहे बघ", मग जेवण. भुकेल्या, भेदरलेल्या मुलाला अनोळखी बाईसमोर कपडे काढायला लावणं हे त्याच्या लेखी काय असू शकतं, याचा विचार करा. आधी खायला द्या. बरेच दिवस उपाशी असल्यासारखं दिसत असेल तर मऊ भात, पातळ वरण, थोडं-थोडं करून. रोटी आणि तिखट चटणीचं पान एकदम वाढू नका. नियमानं नाश्त्यासकट दिवसातून चार वेळा खाणं मिळायचं असतं, ते नव्या मुलाला सांगा. पुन्हा कधी मिळेल हे माहीत नसलेलं मूल भाकरी गादीखाली लपवतं. सापडली तर बोभाटा करू नका. शिळी उचला आणि जागी एक बिस्किटाचा पुडा ठेवा. बहुतेकांची ही सवय दोन-तीन आठवड्यांत सुटते.

अंघोळीला सात-आठ वर्षांवरच्या मुलाला पाणी काढून द्या आणि दाराबाहेर थांबा. बंद मोरीत मुलासोबत एकटं राहू नका, यात मुलाचंही रक्षण आहे आणि तुमचंही.

उवा असतील तर फणी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. रॉकेल लावायची आपल्याकडची जुनी खोड आहे, ती सोडा. टाळू भाजते, आणि दिवा-काडी जवळ आली तर जीव जातो. सोय म्हणून मुलींचा चमनगोटा करायचा नाही.

पाळी आलेल्या मुलीला पॅड कुठं ठेवलेत आणि वापरलेलं कुठं टाकायचं हे पहिल्याच दिवशी दाखवा. बाहेरची म्हणून वेगळं बसवणं घरी चालत असेल, इथं नाही. जेवणाच्या पंगतीतही आडनाव विचारून जागा ठरवायची नाही.

## ५. डॉक्टर

दाखल झाल्यापासून २४ तासांत वैद्यकीय तपासणी, तातडीचं असेल तर लगेच. त्यानंतर दर महिन्याला. तुम्ही सोबत जाताना दोन कागद न्या: दारात लिहिलेल्या खुणांची नोंद आणि रात्रभरात जे दिसलं ते. खोकला किती दिवसांचा, ताप किती, लघवीला जळजळ सांगितली का.

खरूज निघाली की शेजारच्या गाद्यांवरच्या सगळ्यांना एकाच रात्री मलम लागलं पाहिजे. एकालाच लावलं तर आठवड्यात ती फिरून त्याच्याचकडं येते. पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, रात्रभर. पुन्हा आठवड्यानं. चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. प्रमाण आणि वयाचा हिशोब डॉक्टरांचा.

## ६. पहिली रात्र

नव्या मुलाची गादी दारालगत नको, कोपऱ्यातही नको. काळजीवाहकाच्या खोलीतून दिसेल अशा ओळीत घाला. एका गादीवर एकच मूल, बहीण-बहीण असल्या तरी. मोठ्या आणि लहान वयाची मुलं वेगळ्या खोल्यांत.

झोपायच्या आधी त्याला चालत नेऊन संडास दाखवा. दिवा कुठं, कडी कशी लागते, आणि रात्री मला उठवायचं तर कुठं यायचं. तोंडानं सांगून उपयोग नसतो, अनोळखी घरात अंधारात उजवं-डावं कळत नाही. गादी ओली होणारच, असं धरून चला आणि मेणकापड आधीच घाला. ओली झालीच तर दिवा न लावता कपडे आणि चादर बदला आणि सकाळी इतर मुलं उठायच्या आत ती धुवायला टाका. चादर वाळत घालताना चिडवणाऱ्या मुलांना मी त्याच चादरी घडी घालायला बसवायची. घडी घालता-घालता त्यातल्या दोघांनी कबूल केलं की त्यांचीही कधीतरी ओली झालीये.

एक पोरगी चपला घालूनच झोपायची. काढायला हात लावला की ताडकन उठून बसायची. वरिष्ठ मावशी म्हणाल्या, "राहू दे, गादी झाडता येते." तिसऱ्या रात्री तिनं स्वतःच त्या काढून उशाशी ठेवल्या.

रात्रीची मोजणी तीनदा: दहाला, दोनला, पाचला. बॅटरीचा झोत जमिनीवर, तोंडावर नाही. मोजलेला आकडा आणि वेळ तिथल्या तिथं लिहा. सकाळी बसून तिन्ही आकडे एकाच शाईत भरले की तपासणीला आलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येतं.

सावध: मुलगा किंवा मुलगी पळून जायचा धोका पहिल्या तीन रात्रींत जास्त असतो, असा माझा अनुभव. खोलीला बाहेरून कुलूप लावणं हा त्यावरचा उपाय नाही. आग लागली तर?

## ७. दिनवही

या कामात सगळ्यात जास्त चुका लिहिण्यात होतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही त्यातच होतं. तुमच्या नोंदींवरून केस वर्कर मुलाची वैयक्तिक काळजी योजना, म्हणजे नमुना ७, भरतात. समिती मूल घरी पाठवायचं का ठरवते तेव्हा तो कागद समोर असतो.

चुकीची नोंद: "मुलगी हट्टी आहे. जेवत नाही. नाटकं करते."

बरोबर नोंद: "रात्री ८.१० ला जेवायला बोलावलं, 'नको' म्हणाली. ८.४० ला भिंतीकडं तोंड करून अर्धी भाकरी खाल्ली. १.४५ ला ओरडत उठली. पाणी दिलं, दिवा चालू ठेवला. २.२० ला झोपली."

पहिल्या नोंदीत तुम्ही दिसता, दुसऱ्या नोंदीत मूल दिसतं.

मुलाचे शब्द ज्या बोलीत आले त्याच बोलीत लिहा. रजिस्टर कन्नडमध्ये असलं तरी तेवढं वाक्य अवतरणात देवनागरीत लिहून खाली कन्नड अर्थ द्यायला कुणाची हरकत नसते. एकदा "मामा हाणतो" याचा अनुवाद झाला "नातेवाईक रागावतात", आणि महिनाभर कुणाला काही कळलं नाही. मामा या एका शब्दात इकडं बरंच दडलेलं असतं. आईचा भाऊ, आईसोबत राहणारा माणूस, मुकादम, कुणीही मामा असतो. त्यातून आपल्या भागात भाचीचं मामाशी लग्न लावायची रीत. चौदा वर्षांची मुलगी "मामाकडं जायचं नाही" म्हणाली तर ती रुसलेली नसून तिचं लग्न ठरलेलं असू शकतं. ते वाक्य जसंच्या तसं लिहून त्याच दिवशी अधीक्षकांकडं द्या. कर्नाटकात २०१६ च्या दुरुस्तीनं बालविवाह मुळातूनच रद्दबातल ठरतो, पण तो होण्याआधी कुणाला तरी कळायला हवा.

गावाच्या नावांचंही तसंच. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर महाराष्ट्रातून आलेली मुलं असतात आणि त्यांना जिल्हा सांगता येत नाही. खोदून विचारू नका. बोलण्याच्या ओघात निघालं तर लिहून ठेवा: गावात लाल एसटी येते की कन्नड पाटीची बस, शाळेच्या भिंतीवर कुठली अक्षरं होती, बाजार कुठल्या वारी भरतो, जत्रा कुणाची. एवढ्यावरून केस वर्करना तालुका काढता येतो, आणि घर पलीकडच्या राज्यात निघालं तर तिथल्या समितीशी पत्रव्यवहार सुरू होतो.

## ८. मूल बोलायला लागलं तर

हे भांडी घासताना होतं, वेणी घालताना होतं, दिवे गेल्यावर होतं. तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा.

हातातलं काम चालू ठेवा, फक्त सावकाश. ऐका. "मग काय झालं?" एवढं चालतं. "त्यानं तुला इथं हात लावला का?" असं कधीच नाही, कारण तुमचे शब्द मुलाच्या तोंडी जातात. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला मदत करणाऱ्या माणसांना मला हे सांगावं लागेल," असं सरळ सांगा. दहा मिनिटांत वहीत मुलाचे शब्द उतरवा आणि वेळ टाका.

लैंगिक अत्याचाराचं असेल तर पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमचंही कर्तव्य आहे, एकट्या अधीक्षकांचं नाही. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. खात्री करून घेण्याची वाट बघू नका, संशय पुरेसा आहे. बोट संस्थेतल्याच माणसाकडं किंवा मोठ्या मुलाकडं असेल आणि "आपल्यात मिटवू" असा सूर लागला, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर स्वतः फोन करा.

सावध: खरंखोटं करायला मुलाला आणि त्यानं नाव घेतलेल्या माणसाला समोरासमोर उभं करू नका.

## ९. शिस्त

मारायचं नाही. उठाबशा, जेवण तोडणं, उन्हात उभं करणं, मोठ्या मुलाकरवी लहानाला वळण लावणं, हे सगळं मारण्यातच येतं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८२ खाली पहिल्या खेपेला दहा हजार रुपये दंड आहे, पुढं तीन महिन्यांपर्यंत कैद, नोकरी जाते आणि मुलांमध्ये पुन्हा काम करता येत नाही. क्रूरता ठरली तर कलम ७५ खाली संस्थेतल्या माणसाला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

मग करायचं काय? भांडण झालं की दोघांना वेगळं करा, बघ्यांना हलवा, अर्ध्या तासानं एकेकाशी बोला. हात उचलावासा वाटला तर दुसऱ्या मावशीला हाक मारून अंगणात जा. लागोपाठ दोन रात्रपाळ्या झालेल्या बाईला हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड, म्हणून सलग रात्रपाळ्या लेखी नाकारा.

तक्रारपेटीची किल्ली संस्थेकडं नसते, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडं असते. "कोणी टाकलं?" असा शोध घेऊ नका. अक्षर ओळखता आलं तरी.

## १०. भेटायला येणारे आणि न्यायला येणारे

वाढदिवसाला केक घेऊन येणारे पाहुणे फोन काढतातच. मुलांचे चेहरे, नाव, शाळा उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फाटकातच सांगा, म्हणजे आत वाद होत नाही. केकचा फोटो खुशाल घ्या म्हणावं.

नातेवाईक भेटायला आले की आदेशात नाव आहे का बघा, रजिस्टरला सही घ्या, नजरेच्या टप्प्यात बसवा. भेटीनंतर मूल काय जेवलं, कसं झोपलं ते लिहा. आनंदानं गळ्यात पडलेलं मूल रात्री गादी ओली करतं, तेव्हा ती नोंद महत्त्वाची ठरते.

मूल घरी न्यायला कोणी आलं, हातात आधार कार्ड, पंचायतीचं पत्र, पुढाऱ्याचा फोन, काहीही असलं तरी समितीच्या आदेशाशिवाय मूल फाटकाबाहेर जात नाही. "दोनच दिवस, जत्रेपुरतं" यालाही आदेश लागतो.

आदेश आला की सामानाची पहिल्या दिवशीची यादी काढा आणि त्याच क्रमानं वस्तू मुलाच्या हातात द्या. औषधं राहिली असतील तर चिठ्ठीसकट. शाळेचा दाखला. गादी उचलून खाली हात घाला, तिथं हमखास काहीतरी असतं. मुलाची सही, नेणाऱ्याची सही, वेळ. आणि दिनवहीतली त्या दिवशीची नोंद गाडी निघायच्या आधी लिहा, गाडी गेल्यावर लिहिणं होत नाही.